दांडा तू विसरला नव्हतास

परशा,

आपली गिरणी पिठाची नव्हती. लाकूड कापायचीच होती. आणि पाण्यावरच चालत होती.

मला कोणी विचारलं नाही, ते सोड. तुझ्या तेराव्याला ते चष्मेवाले प्राध्यापक आलेले, ज्यांचे जाडजूड प्रबंध तू बांधून द्यायचास. जेवता जेवता शेजारच्याला समजावून सांगत होते, की पाण्यावर म्हणजे पिठाची चक्की असणार, करवत कशी असेल, म्हाताऱ्यांच्या गोष्टी वाढत जातात. मी समोरच भिंतीला टेकून बसलेले. माझ्याकडं एकदा बघितलं आणि पापड मोडला. अरे, मी त्या करवतीच्या भुश्यात खेळून मोठी झालेली बाई. विचार की मला!

पण पत्र त्याच्यासाठी नाही. त्याला काय कळायचं ते कळू दे. मी चौथी शिकलेली, मला लिहायला एक ओळ म्हणजे एक भाकरी थापल्यासारखं होतं. तरी लिहिते, कारण तेराव्याला अजून एक गोष्ट निघाली, आणि ती ऐकून मी गप्प बसले. त्याचं सांगायचंय. तुला सोडून दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, हे मला त्यानंतर कळलं.

आधी करवतीचं. तुला ठाऊक आहे, माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण क्रमानं लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येणार नाही.

आज्जानं जंगलात मजुरी करताना कुठं तरी तसली करवत बघितली आणि डोक्यात धरून घरी आणली. अळणावरच्या अलीकडं आपला ओढा, त्याला दगडांचा बांध. बांधापासनं लाकडी पाट. पाटाच्या तोंडाला दार. दार उचललं की पाणी पाटातनं पळत जाऊन चाकावर पडायचं, चाकाचे खण भरायचे, भरलेला खण खाली जायचा, रिकामा वर यायचा. चाकाच्या आसाला लोखंडी वाकडा हात, तो करवतीची चौकट वर-खाली करायचा. खस्स वर, टक्क खाली. आणि प्रत्येक टक्कला ओंडक्याचा गाडा एक दाता पुढं सरकायचा. माणसानं हात लावायचा नाही. एक फळी निघेपर्यंत आई भाकऱ्या भाजून मोकळी व्हायची. लोक म्हणायचे, दोन माणसं लावून हातानं ओढली असती तर एवढ्या वेळात अर्धी पण झाली नसती. आणि पाणी जेवायला मागत नाही, असं अप्पा म्हणायचा.

तुला नुसत्या आवाजावरनं लाकूड कळायचं. ओसरीवर झोपलेला असायचास, डोळे मिटून म्हणायचास, हा साग नाही, मत्ती आहे, आत गाठ आहे, आता दात मोडणार. आणि मोडायचा. अप्पा तोंडावर तुला कधी चांगलं म्हणाला नाही. पण गावात सांगत फिरायचा की माझ्यामागं करवत परशाची.

दाराचं काम माझं. दार जड, ते उचलायला दांडा लागायचा, भोकात घालून रेटायचा. आणि करवतीजवळ, चाकाजवळ काय ऐकू येत नसे. पाण्याचा एवढा आवाज, की ओरडून घसा फाटला तरी खालच्याला कळायचं नाही. दिसायचं पण नाही, मध्ये छप्पर. म्हणून आज्जानं घालून दिलेला नियम. जो चाकाच्या खड्ड्यात उतरेल, त्यानं दार बंद करून दांडा आपल्या कमरेला खोचून न्यायचा. दांडा कमरेला आहे तोपर्यंत देव आला तरी दार उघडू शकत नाही. वंगण घालून झालं, पाचर ठोकून झाली, की वर येऊन दांडा दारावालीच्या हातात द्यायचा. मग पाणी.

साधा नियम. चांगला नियम. तीन पिढ्या कोणाचं नख तुटलं नाही.

मी काय केलं, परशा? मला थांबायचा कंटाळा. दिवसातनं चार-पाच वेळा तू चाकात उतरणार, तिथं बसून आरामात बिडी ओढणार, आणि मी वर दाराशी माशा मारत बसणार. म्हणून मी जांभळाच्या फांदीचा दुसरा दांडा तासून केला. कोयत्यानं, दोन दुपारी बसून. घाणेरीच्या झुडपात लपवला. तू एकदा बघितलास. लई रागावलास. म्हणालास, ओढ्यात टाक. मी टाकला म्हणून सांगितलं.

टाकला नव्हता.

लग्न होऊन मी हुबळीला गेले. पहिल्या पंचमीला माहेरी आले. आदल्या दिवशीची भाकरी वाटायची गडबड, घराघरातनं ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि चटण्या फिरत होत्या, आणि चिंचेला जोकाली बांधलेली. सगळ्या माहेरवाशिणी झोके घ्यायला जमलेल्या. मला जायचं होतं. अप्पा म्हणाला, एक ओंडका राहिलाय, तेवढा होऊ दे, उद्या नागोबाचा दिवस, उद्या कापायचं नाही. आणि तो भाकऱ्या द्यायला गावात गेला.

म्हणजे आपण दोघंच. तू दार बंद करून, दांडा खोचून खाली गेलास. मी वाट बघितली. चिंचेखालनं पोरींची गाणी ऐकू येत होती. मी हाका मारल्या, ओ आली नाही, छपराखालच्या खड्ड्यात त्या पोचल्या नसतील. मला वाटलं तू बिडी पेटवली असशील. मुद्दाम छळतोस मला, असं पण वाटलं, खोटं कशाला सांगू. नव्या नवरीला छळायची तुझी सवय होती, आल्यापासनं मला "हुबळीच्या बाईसाहेब" म्हणत होतास.

मी झुडपातनं माझा दांडा काढला आणि दार उचललं.

पाणी गेलं. करवतीचा आवाज आला नाही. खस्स नाही, टक्क नाही. तेवढ्यावरनं मला कळलं. मी पळत खाली आले. चाक पाव फिरून अडकलेलं, आणि अडकलं होतं तुझ्या पायावर. चाक आणि दगडी भिंत यांच्या मधे डावं पाऊल. तू ओरडत असशील, पण मला तुझं तोंडच नुसतं हलताना दिसलं. परत वर पळाले, दार पाडलं, परत खाली आले. पाणी थांबलं तेव्हा कुठं तुझा आवाज ऐकू आला.

तू काय म्हणालास ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. तू कमरेचा दांडा काढून माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "हा दाराशी ठेव. तुझा ओढ्यात टाक. अक्का, तुला सासरी जायचंय."

अठरा वर्षांचं पोर. पाय चाकाखाली. आणि माझ्या सासरचा विचार करतोय.

आता जे लिहायचं ते मला लिहायचं नव्हतं. चाक उलटं फिरवायला दोन माणसं लागायची, माझ्या एकटीच्यानं ते हललं नाही. गावात पळून माणसं आणायला पाहिजे होती. मी आधी काय केलं? आधी वर गेले. दांडा दाराशी नीट टेकवून ठेवला. माझा दांडा घेऊन बांधापर्यंत गेले, पलीकडं धारेत टाकला, वाहून गेला का बघितलं. मग गावात पळाले. वाटेवरच होतं दार, असं मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले. वाटेवर नव्हतं, परशा. गाव उजवीकडं, दार डावीकडं.

तेवढ्या वेळानं पाऊल वाचलं असतं का? धारवाडच्या डॉक्टरला मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. पाऊल काढलं, आणि मी जोकाली न घेता हुबळीला परत गेले. तेवढीच काय ती शिक्षा मला झाली.

अप्पानं दाराशी टेकवलेला दांडा बघितला. त्याला वाटलं, तू दांडा न खोचताच खाली उतरलास आणि मी दांडा दिसला म्हणून दार उचललं. तुला मारलं नाही, शिवी दिली नाही. तू दवाखान्यातनं आल्यावर एकदाच म्हणाला, "दांडा विसरणाऱ्याच्या हातात करवत द्यायची नाही." आणि दिली नाही. तू ओसरीवर बसून आवाज ऐकायचास, आणि भाड्याचा माणूस करवत चालवायचा. त्याला गाठ कळायची नाही. दात मोडायचे. तू उठायचा नाहीस, काय बोलायचा नाहीस. हे मला आईनं सांगितलं. आई रडत होती आणि मी तिला म्हटलं, उगाच रडू नको, पाय गेला, जीव तर वाचला ना. असलं बोलायला जीभ कशी उचलली असेल माझी?

दोन-तीन पावसाळ्यांत अळणावरला विजेची मिल आली, आणि पाण्याची करवत बंद पडली. अप्पानं चाक मोडून जळण केलं. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं, परशानं लक्ष दिलं असतं तर करवत राहिली असती. राहिली नसती, विजेपुढं कोण टिकतं. पण दोष तुझ्यावर ठेवूनच तो गेला.

आणि गाव! गावाला म्हण मिळाली. कोणी किल्ली विसरलं, कोणी बैलाचं दावं बांधायला विसरलं, की "परशाचा दांडा झाला." तुझ्या तोंडावर म्हणायचे. तू हसायचास. हसायचास कशाला रे? एकदा तरी भडकायचं होतंस. एकदा माझ्याकडं बोट दाखवलं असतंस तर मी सुटले असते. तू मला सुटू पण दिलं नाहीस.

धारवाडात सप्तापूरला पुस्तकं बांधायचं दुकान घातलंस तेव्हा मला बरं वाटलं. बसून करायचं काम. खळ, दोरा, पुठ्ठा. कागदाच्या कडा कापायच्या मशीनचं ते मोठं चाक दोन्ही हातांनी फिरवायचास, आणि कान तिकडंच लावून. एकदा मी आले असताना म्हणालास, आत पिन राहिलीय. एवढ्या जाड गठ्ठ्यात. उघडून बघितलं तर होती. तिथं बसलेली युनिव्हर्सिटीची पोरं हसली. मी संडासाला जाते म्हणून मागं गेले आणि तोंडात पदर कोंबला. तो कान पुठ्ठ्यात गेला, माझ्यामुळं गेला.

मी तीन वेळा विषय काढला. मोजून तीन वेळा, बघ कशी शूर. पहिल्यांदा अप्पा गेला तेव्हा, म्हटलं आता तरी सांगू या. तू म्हणालास, अक्का, चहा गार होतोय. दुसऱ्यांदा तुझ्या सुनीलच्या लग्नात. तू म्हणालास, वरमाईला कोण नेणार, तू बघ जरा. तिसऱ्यांदा दवाखान्यात, दीड महिन्यापूर्वी. तू डोळे मिटून पडलेला. मी म्हटलं, परशा, त्या दिवसाचं... आणि तू विचारलंस, ओढ्याला पाणी आलं का? मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी हुबळीत असते, सुम्म पड, गप. असं बोलले. तुझ्याशी माझं शेवटचं बोलणं हे. सुम्म पड.

फोन करून विचारता आलं असतं गावात. दोन मिनिटांचं काम. मला वाटलं, कशाला ती नाटकं. उद्या विचारू.

आता तेराव्याचं. जेवणं चालू होती, आणि तुझा सुनील, गुणी पोरगा, पाहुण्यांना हसवायला म्हणून सांगायला लागला. आमचे अप्पा, म्हणजे तू, लई विसराळू, एवढे विसराळू की लहानपणी दांडाच विसरले आणि पाय घालवून बसले, गावात अजून म्हण आहे. सगळे हसले. रडत रडत हसतात तसं. नात तुझी, कविता, ती पण हसली. मी समोर बसलेले. माझ्या पानावर वडा होता. मी वडा खाल्ला, परशा.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी सुनीलला आणि कविताला दुकानात बसवलं आणि सगळं सांगितलं. जसं वर लिहिलंय तसं. दुसरा दांडा, झुडूप, जोकाली, गाव उजवीकडं. काय सोडलं नाही.

मला वाटलेलं तो उठून ओरडेल. मी त्यासाठीच गेलेले. चपला पण घालूनच बसलेले, बाहेर काढलं तर लगेच जाता यावं म्हणून. तो काय म्हणाला? म्हणाला, "जाऊ दे आत्या, तुम्ही पोरं होता तेव्हा." आणि माझ्या पाठीवर हात फिरवला. वर विचारतो, गुडघ्याच्या गोळ्या घेतेस का वेळेवर.

एवढंच? तुझी सगळी करवत, तुझा पाय, अप्पाचं तोंड, गावाची म्हण, आणि त्याचं मोल "जाऊ दे"? त्याला जाऊ दे म्हणायला काय लागतं, त्याचं काय गेलंय! मला माफी नको होती त्याच्याकडनं. मला कोणीतरी रागवायला पाहिजे होतं. आणि ज्याला रागवायचा हक्क होता तो पंचावन्न वर्षं चहा गार होतोय म्हणत बसला, आणि आता गेला.

कविता मात्र माझ्याकडं बघत राहिली. मग उठली आणि आत गेली. मी निघाले तेव्हा बाहेर आली नाही. दर वेळी स्टँडपर्यंत माझी पिशवी घेऊन येणारी पोरगी, बस लागेपर्यंत माझ्या तोंडाला तोंड देणारी. मी दारात थोडा वेळ उभी राहिले. सुनीलनं हाक मारली तिला, मी नको म्हटलं. त्यानंतर फोन नाही तिचा. रोज करायची. माझ्या लेकाच्या पोरांपेक्षा मला ती जवळची, हे तुला ठाऊक होतं.

पोरीनं बरोबर केलं. तुझ्या घरात एकीला तरी राग आला तुझ्यासाठी. मला आत फाटल्यासारखं होतंय आणि तरी मी म्हणते, बरोबर केलं. तिला समजवायला जाणार नाही मी. रडून, पाया पडून तिचा राग काढून घेणार नाही. तो तुझा आहे.

आणि तुझ्यावर पण माझा राग आहे, ऐकून घे. तू मला वाचवलंस म्हणतील लोक. तू मला एकटीला ठेवलंस त्यात. सासर नांदले, पोरं झाली, सुना आल्या, आणि प्रत्येक सणाला तुझा कुबडीचा आवाज जिन्यावर आला की मी स्वयंपाकघरात जाऊन काय तरी काम काढायचे. तुला कळत होतं का रे? कळत असणार. गाठ कळायची तुला लाकडातली.

आता ऐक. पंचमी जवळ आलीय. मी गावाला जाणार आहे. लेक म्हणतो गुडघे बघ आधी, त्याला मी गप्प बसवलंय. गावात आपल्या वेळची चार-पाच माणसं उरली असतील, त्यांना, त्यांच्या पोरांना आणि त्यांच्या नातवंडांना बसवून सांगणार, की दांडा परशाच्या कमरेलाच होता. दार गंगूनं उघडलं. माझं नाव घेऊन सांगणार, सासरचं आडनाव लावून. ज्यांना ऐकायचं नाही त्यांना पण सांगणार. कोणी जाऊ दे म्हणालं, तर परत पहिल्यापासनं सांगणार. जिवंत आहे तोपर्यंत कुठंही कोणी तुला विसराळू म्हटलं, तर तिथंच अडवीन. लग्नात म्हटलं तर लग्नात, मयतीला म्हटलं तर मयतीला. हा शब्द दिला तुला.

माफ कर असं लिहिणार नाही. तू असतास तर परत चहाचं काय तरी काढलं असतंस.

बास. आता यापुढं मी एक अक्षर लिहिणार नाही, जे काय ते तोंडानं सांगणार.

तुझी अक्का,
गंगू